आरओच्या मेंब्रेनवर पुन्हा पुन्हा चिकट थर : हायपो वाढवू की मेंब्रेन बदलू?

प्रश्न थोडक्यात असा : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात मी केमिस्ट आहे. बॉयलरच्या पाण्यासाठी ताशी २५ घनमीटरचा आरओ (बारीक पापुद्र्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, पाणी दाबून क्षार काढणारा प्लँट) आहे. नदीचं पाणी क्लॅरिफायर (गाळ बसवायची टाकी), हायपो (क्लोरीन देणारं सोडियम हायपोक्लोराइट), सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, मग एसएमबीएस (उरलेला क्लोरीन मारणारं सोडियम मेटाबायसल्फाइट) आणि अँटीस्केलंट (क्षारांचा थर धरू न देणारं रसायन), पाच मायक्रॉनची कार्ट्रिज (बारीक गाळणी), अशा क्रमाने येतं. पुढे पहिल्या स्टेजला चार व्हेसल (मेंब्रेन बसवायच्या नळ्या) आणि दुसऱ्या स्टेजला दोन, प्रत्येकात आठ इंची सहा मेंब्रेन (पापुद्र्यांच्या गुंडाळ्या). रिकव्हरी, म्हणजे आत गेलेल्या पाण्यातून मिळणारं शुद्ध पाणी, ७५ टक्के. मेंब्रेन नवी असताना पहिल्या स्टेजची डीपी (आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या दाबातला फरक) दर चौरस सेंटिमीटरला १.२ किलो होती, आता महिना-सव्वा महिन्यात २.८ वर जाते. परमिएटचा (शुद्ध होऊन आलेल्या पाण्याचा) टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, फारसा वाढलेला नाही. पुरवठादार स्केलिंग (क्षारांचा कडक थर) म्हणतो. अ‍ॅसिडने धुतलं की आठ-दहा दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. नदीवरचा उपसा कमी करायचा म्हणून यंदापासून थोडं कंडेन्सेटही (उसाच्या रसाच्या वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी) फीडमध्ये, म्हणजे आरओत जाणाऱ्या पाण्यात, मिसळतो. हायपोचा डोस दुप्पट करू का, की मेंब्रेनच बदलून टाकू?

हायपो वाढवू नका, आणि मेंब्रेनची ऑर्डरही इतक्यात देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून हे स्केलिंग दिसत नाही, बायोफाउलिंग, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, दिसतं. आणि त्याचा मोठा धागा तुम्ही जाता जाता लिहिलेल्या कंडेन्सेटच्या वाक्यात आहे. तिथे येतोच, पण आधी निदान पक्कं करू, कारण अ‍ॅसिडने धुण्याची चूक तिथूनच सुरू झाली आहे.

स्केल धरतं ते पाणी सर्वांत घट्ट होतं तिथे. ७५ टक्के रिकव्हरीला शेवटच्या मेंब्रेनशी क्षार फीडच्या जवळपास चौपट झालेले असतात, म्हणून कॅल्शियम, सिलिका यांचा त्रास दुसऱ्या स्टेजच्या शेपटाकडून सुरू होतो. त्यात टीडीएस लवकर चढतो, डीपी मागाहून. जिवाणूंचं उलटं असतं. त्यांना खायला सगळ्यात आधी जिथे मिळतं तिथे, म्हणजे पहिल्या स्टेजच्या पहिल्या एक-दोन मेंब्रेनमध्ये, ते बस्तान मांडतात. दोन पापुद्र्यांमधली प्लास्टिकची जाळी, म्हणजे फीड स्पेसर, जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची असते. चिकटा आधी त्या जाळीत भरतो, त्यामुळे डीपी सर्वांत आधी वाढते. टीडीएस बराच काळ जिथल्या तिथे राहतो, कधी कधी तर किंचित सुधारल्यासारखा वाटतो आणि माणूस गाफील राहतो. दुसऱ्या स्टेजची डीपी तुम्ही लिहिलेली नाही. लॉगशीटमध्ये बघा. ती जवळपास होती तिथेच असेल, तर वाद संपला.

कागदावर विश्वास नसेल तर प्लँट बंद करून पहिल्या स्टेजच्या एका व्हेसलचं फीडकडचं झाकण काढा. मेंब्रेनच्या तोंडावर तपकिरी-काळपट थर दिसेल. बोटाने उचलून दोन बोटांत चोळा. रेती किंवा गाळ असेल तर खरखरेल, स्केल असेल तर कडक कपची निघेल, आणि जिवाणूंचा थर असेल तर बुळबुळीत लागेल, तार सुटेल. वास घ्या, कुबट किंवा दलदलीसारखा येतो. थोडासा पदार्थ क्रुसिबलमध्ये वाळवा आणि जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि मागे राख थोडीच उरली, तर माल सेंद्रिय. दुसऱ्या भागावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका, जोरात फेस आला तर कार्बोनेट आहे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एवढं सगळं तासाभरात होतं, त्यासाठी नमुना पुण्या-मुंबईला पाठवायची गरज नाही. ती पहिली मेंब्रेन बाहेर काढून निथळवून वजनकाट्यावर ठेवलीत तर आणखी बरं. शेवटच्या मेंब्रेनशी तुलना केली की फरक आकड्यात दिसतो, आणि व्यवस्थापनाला वास आणि तार यांपेक्षा किलो लवकर पटतात.

फेस थोडासा येईलही, आणि पुरवठादार त्याकडेच बोट दाखवेल. त्याचं सगळंच चुकीचं आहे असं नाही. चिकट थराच्या आत पाणी हलत नाही, त्यामुळे मेंब्रेनला चिकटून क्षार साठतात, तिथला ऑस्मॉटिक दाब वाढतो आणि थराच्या आतच थोडा कॅल्शियम बसतो. अ‍ॅसिड तो कॅल्शियम काढतं, थर जरा सैल होतो आणि आठ-दहा दिवस डीपी उतरलेली दिसते. पण जिवाणूंभोवतीचा जो चिकटा असतो, म्हणजे त्यांनीच बाहेर सोडलेली शर्करा आणि प्रथिनं, तो अ‍ॅसिडमध्ये आणखी घट्ट बसतो. आधी अ‍ॅसिड आणि मग कॉस्टिक सोडा हा क्रम म्हणजे तेलकट कढई आधी लिंबाने घासून मग साबण शोधण्यासारखं आहे. तुमच्या प्लँटवर तर साबणाची वेळ आलेलीच दिसत नाही.

आता हायपो. पॉलिअमाइडच्या, म्हणजे आजच्या नेहमीच्या, मेंब्रेनला मुक्त क्लोरीन सोसत नाही. १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) क्लोरीन सतत गेला तर २०० ते १००० तासांत तिचं कातडं खराब व्हायला लागतं, आणि पाण्यात लोह असेल तर त्याहून लवकर. म्हणून ०.१ पीपीएमच्या आत, खरं तर शून्यच, ठेवायचा असतो. जुन्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या मेंब्रेनना १ पीपीएमपर्यंत क्लोरीन चालायचा, पण त्या मेंब्रेनच जिवाणूंचं खाद्य होत्या. आजच्या मेंब्रेनना जिवाणू खात नाहीत, पण त्यांच्यावर बसून राहतात आणि त्यांना हाकलायचं सोपं हत्यार आपल्या हातात नाही. म्हणून आपण क्लोरीन देतो आणि मेंब्रेनच्या आधी काढूनही घेतो. या देण्या-घेण्यात काय होतं ते नीट बघा. नदीच्या पाण्यातला कुजलेला पालापाचोळा, ह्युमिक आम्ल वगैरे, हे मोठे रेणू जिवाणूंना सहजी पचत नाहीत. क्लोरीन त्यांचे तुकडे करतो आणि ते तुकडे पचतात. म्हणजे हायपो दुप्पट केलात की खाद्य वाढतं. मग कार्बन फिल्टरमध्ये क्लोरीन संपतो, आणि तिथून पुढे कार्ट्रिज, पाइप, पंप, मेंब्रेन या सगळ्या मार्गावर जिवाणूंना अडवणारं काहीच राहत नाही. शंभरातले नव्याण्णव मेले तरी उरलेल्या एकाला तयार जेवण आणि मोकळी जागा मिळते, आणि मेलेल्यांच्या शरीरांवरही तोच जगतो. म्हणून या दुखण्यात मी किती मेले यापेक्षा किती जेवले हा हिशेब आधी मांडतो. कार्बन फिल्टरच्या पुढचं सगळं त्या हिशेबातून निघतं.

पहिला हिशेब नदीचा. पंचगंगेवर आणि तिच्या उपनद्यांवर पावसाळा ओसरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात. तेव्हापासून मेपर्यंत तुमची जॅकवेल (नदीकाठची उपसा विहीर) वाहत्या नदीतून पाणी घेत नाही, बंधाऱ्यामागच्या साठलेल्या डोहातून घेते. त्या डोहात गावांचं सांडपाणी येतं, उसाच्या शेतातला युरिया-फॉस्फेट झिरपून येतो आणि उन्हाळ्यात खालच्या अंगाला जलपर्णी माजते ती वेगळीच. तुमचा गाळप हंगाम नेमका याच महिन्यांत चालतो. पावसाळ्यात नदी लाल-गढूळ असते तेव्हा लोकांना आरओची काळजी वाटते. पण गढूळपणा तुरटी आणि क्लॅरिफायर निस्तरतात. फेब्रुवारीत डोळ्यांना स्वच्छ दिसणारं, हिरवट झाक असलेलं पाणी जास्त त्रास देतं, कारण त्यात विरघळलेलं खाद्य असतं आणि ते ना सँड फिल्टरला अडतं, ना पाच मायक्रॉनच्या कार्ट्रिजला. एसडीआयवर (पाण्याने गाळणी किती लवकर तुंबते ते मोजणाऱ्या आकड्यावर) फार विसंबू नका. ३ च्या आत असलेल्या पाण्यानेही मेंब्रेन बुजलेल्या असतात. ती चाचणी कण मोजते, विरघळलेलं मोजत नाही.

दुसरा हिशेब कंडेन्सेटचा, आणि माझ्या मते यंदाचा फरक इथेच आहे. उसात सुमारे ७० टक्के पाणी असतं, ते बाष्पीभवनात वेगळं होतं आणि वापरलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण व्हेपर कंडेन्सेट हे कोरं पाणी नाही. त्यात रसाबरोबर उडून आलेली साखरेची लव, उडनशील सेंद्रिय पदार्थ आणि अमोनिया असतो. टीडीएस मीटरला यातलं जवळपास काहीच दिसत नाही. मीटर ‘उत्तम पाणी’ म्हणतो आणि जिवाणूंच्या दृष्टीनेही ते उत्तमच असतं. तुमच्या लॅबमध्ये कंडेन्सेटची अल्फा-नॅप्थॉल चाचणी रोज होते. बॉयलरसाठी ती पुरेशी आहे, आरओसाठी नाही. तिला दिसायला पीपीएममध्ये साखर लागते. जिवाणूंना लिटरमागे काही दहा मायक्रोग्रॅम पचण्याजोगा कार्बनही पुरतो, म्हणजे त्या चाचणीला दिसते त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून पाणी निर्दोष, असं समजू नका.

त्यात अमोनिया. मुक्त क्लोरीन अमोनियाला भेटला की क्लोरामाइन होतो. तो मेंब्रेनला तुलनेने कमी त्रास देतो हे खरं, पण जिवाणूंनाही कमी त्रास देतो. एक भाग अमोनियाच्या नायट्रोजनला पुरून मुक्त क्लोरीन उरायला वजनाने साडेसात-आठ भाग क्लोरीन लागतो. तुम्ही हायपो ओतत राहता, मुक्त क्लोरीन दिसत नाही, म्हणून आणखी ओतता. हायपो दुप्पट करायचा विचार कदाचित यातूनच आला असेल. शिवाय कंडेन्सेट गरम असतं. फीड ३३-३५ अंशांवर गेलं की जिवाणूंना नदीपेक्षा बरं हवामान मिळतं.

तेव्हा पहिलं काम, आठ-पंधरा दिवस कंडेन्सेट आरओकडे पूर्ण बंद करा आणि डीपीचा चढ बघा. चढ मंदावला तर कारण हातात आलं. मग ते पाणी कायमचं सोडून द्यायचं असं नाही. कूलिंग टॉवरला, वॉशिंगला, इम्बिबिशनला (चिपाडावर पाणी मारून उरलेला रस काढायला) ते चालतं, आणि त्याबदल्यात नदीचं पाणी आरओला वळवता येतं. आरओलाच द्यायचं असेल तर त्याआधी जैविक प्रक्रिया करून, त्यातला कार्बन आणि अमोनिया खाऊन टाकून, मग गाळून आणि थंड करून द्यायला हवं. जिवाणूंना जेवायचंच आहे तर त्यांनी ते मेंब्रेनच्या आधी, आपण नेमून दिलेल्या टाकीत जेवावं.

आता वाटेतली घरं. दूषित जागा शोधायला अंदाज लावत बसू नका, नमुने घ्या : कच्चं पाणी, सँड फिल्टरनंतर, कार्बननंतर, कार्ट्रिजनंतर आणि रिजेक्ट (मेंब्रेनमधून बाहेर टाकलं जाणारं घट्ट पाणी). नळ ज्योतीने भाजून, पाणी थोडं वाहू देऊन, निर्जंतुक बाटलीत. एकूण जिवाणूंची मोजणी करा, डिपस्लाइडनेही (पाण्यात बुडवून जिवाणू मोजायच्या तयार पट्टीने) काम भागतं. रिजेक्टकडे खास लक्ष द्या. ७५ टक्के रिकव्हरीला क्षारांसारखे जिवाणूही चौपट दिसायला हवेत. त्याहून कितीतरी जास्त निघाले, तर ते आतच वाढत आहेत. कार्बनच्या आधी नगण्य आणि नंतर एकदम भरमसाठ, असं बहुतेक ठिकाणी निघतं. कार्बनचा कण छिद्राछिद्रांचा असतो, सेंद्रिय खाद्य धरून ठेवतो आणि क्लोरीन संपवतो. जिवाणूंसाठी यापेक्षा चांगली जागा पाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये दुसरी नसेल.

माझं मत विचाराल तर क्लोरीन काढायचं काम एकट्या एसएमबीएसकडे द्या आणि कार्बन फिल्टर बायपास करा. १ पीपीएम क्लोरीनला हिशेबाने १.३४ पीपीएम एसएमबीएस पुरतो, प्रत्यक्षात ३ धरावा. डोसिंगची जागा कार्ट्रिज हाउसिंगच्या पुढे, हाय प्रेशर पंपाच्या आधी न्या आणि मध्ये स्टॅटिक मिक्सर बसवा, म्हणजे हाउसिंगपर्यंत क्लोरीनचा पहारा राहतो. पण हे करायचं तर एसएमबीएसनंतर ओआरपी मीटर (पाण्यात क्लोरीन उरला की चढणारा) हवाच, तो चढला की पंप बंद होईल असा इंटरलॉक हवा, आणि मीटरचं कॅलिब्रेशन कागदावर नको, खरंखुरं हवं. ते जमणार नसेल तर कार्बन राहू द्या. चुकून गेलेला क्लोरीन चिकट थरापेक्षा महाग पडतो, कारण थर धुता येतो, जळलेली मेंब्रेन धुता येत नाही. कार्बन ठेवलात तर त्याला नियमित बॅकवॉश द्या आणि महिन्या-दीड महिन्याने ८० अंशांच्या गरम पाण्याने अर्धा-पाऊण तास भाजून काढा. कारखान्यात वाफेची वानवा नसते. मात्र टाकी एफआरपीची (फायबरची) किंवा रबर लायनिंगची असेल तर आधी तिची तापमान मर्यादा बघा, नाहीतर लायनिंग सुटून येईल.

एसएमबीएसही आंधळेपणाने वाढवू नका. जादा गेलेला एसएमबीएस पाण्यातला प्राणवायू खातो आणि मग प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. हाउसिंग उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तर तेच समजा. द्रावण किती दिवस ठेवता हेही बघा. २ टक्क्यांचं द्रावण तीन दिवसांत उतरतं, १० टक्क्यांचं आठवडाभर टिकतं. सोमवारी पातळ करून ठेवलेलं शनिवारी नुसतं खारं पाणी असतं.

अँटीस्केलंटची टाकी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिचं झाकण उघडून आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तुम्ही कार्ट्रिजच्या तोंडावर रोज मोजून-मापून जिवाणूंचा डोस देत आहात. बहुतेक ठिकाणी शिफ्टमधला माणूस टाकी अर्ध्यावर आली की जुन्यातच नवं ओततो आणि जवळच्या नळाचं पाणी मिसळतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. परमिएटमध्येच मिसळा, फार पातळ करू नका, दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच करा आणि टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय पुढचं भरू नका. आणखी एक, स्वस्त पडतं म्हणून हेक्झामेटाफॉस्फेट वापरत असाल तर बंद करा. ते पाण्यात फुटून साधं फॉस्फेट होतं. जिवाणूंना कार्बन असला तरी फॉस्फरसविना वाढता येत नाही, आणि तो आपण स्वतःच्या हाताने द्यायचा, याला काय म्हणावं? फॉस्फरस नसलेलं पॉलिमरचं अँटीस्केलंट मिळतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कडकपणा आणि सिलिका असते, तिथे पुरवठादाराकडून हिशेब करून घ्या. नदीच्या पाण्याला बहुतेक वेळा अडचण येत नाही.

कार्ट्रिज डीपी वाढेपर्यंत ठेवायच्या, हा नियम गाळाच्या पाण्यासाठी ठीक आहे. तुमच्याकडे पंधरा दिवसांनी बदला, डीपी वाढो न वाढो, आणि बदलताना हाउसिंगचं भांडं आतून घासून धुवा. नुसती कार्ट्रिज बदलून जुन्या चिकट भांड्यात बसवली तर चार दिवसांत ती त्याच रंगाची होते.

धुलाईबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा तातडीचा प्रश्न तोच आहे. डीपी २.८ होईपर्यंत थांबलात हेच फार झालं. सहा मेंब्रेनच्या व्हेसलला ३.४ किलो ही सर्वसाधारण कमाल मर्यादा असते, तिच्या जवळ गेल्यावर मेंब्रेनचे थर दुर्बिणीसारखे एकातून एक बाहेर सरकतात आणि मग ती कचऱ्यात. डीपी १० ते १५ टक्के वाढली की धुवायचं, म्हणजे तुमच्याकडे १.३२ ते १.३८ ला. थर कोवळा असतो तेव्हा निघतो. जुना झाला की जाळीत दाबून बसतो, पाणी त्याला वळसा घालून जातं आणि केमिकल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. डीपीची तुलना मात्र त्याच फ्लोला करा. परमिएटच्या फ्लोवरून तर निष्कर्ष काढूच नका, कारण पाण्याचं तापमान एका अंशाने बदललं की फ्लो सुमारे ३ टक्क्यांनी बदलतो. डिसेंबरच्या थंडीत सगळे आरओ बुजल्यासारखे वाटतात आणि मार्चच्या उन्हात सगळे सुधारल्यासारखे. दुरुस्तीचा गुणक लॉगशीटमध्ये घालून घ्या, एक्सेलमध्ये एका रकान्याचं काम आहे.

धुताना आधी कॉस्टिक. परमिएटमध्ये ०.१ टक्का कॉस्टिक, सोबत थोडं सोडियम लॉरिल सल्फेट किंवा ईडीटीए, पीएच १२ च्या आसपास आणि तापमान ३० ते ३५. पीएच १२ ला ३५ अंशांच्या वर जाऊ नका, आणि तुमच्या मेंब्रेनच्या डेटाशीटमध्ये त्याहून कडक मर्यादा असेल तर ती पाळा. कॉस्टिक नदीच्या पाण्यात कधीच करू नका, त्यातला कॅल्शियम तिथेच खाली बसेल. स्टेज वेगवेगळ्या धुवा, नाहीतर पहिलीतली घाण दुसरीत जाऊन बसते. परत येणारं सुरुवातीचं पाणी चहाच्या रंगाचं येतं, ते टाकीत न घेता गटारात सोडा. मग फिरवा, भिजत ठेवा, पुन्हा फिरवा. इतका जुना थर असेल तर रात्रभर भिजू द्या आणि मधूनमधून हळू फिरवत राहा. पीएच उतरला किंवा रंग गडद झाला तर द्रावण बदला. परमिएटने धुवून काढल्यावर मग २ टक्के सायट्रिक किंवा पातळ हायड्रोक्लोरिक, ते थरात अडकलेल्या कॅल्शियम-लोहासाठी. पाइपात कुठेही हायपो उरलेला असताना अ‍ॅसिड सोडू नका, क्लोरीन वायू सुटतो.

या सगळ्यात खरी मेख सीआयपी पंपाची, म्हणजे मेंब्रेन जागेवरच धुण्याच्या पंपाची, असते. आठ इंची व्हेसलला धुताना ताशी ७ ते ९ घनमीटर पाणी हवं, दाब ४ किलोच्या आत. चार व्हेसल एकदम धुवायच्या तर तीस-पस्तीस घनमीटरचा पंप लागेल. बसवलेला बहुतेक दहा-बाराचा असतो, कारण टेंडरमध्ये तेवढाच लिहिलेला असतो. मग प्रत्येक व्हेसलमधून अडीच-तीन घनमीटर वाहतं, आणि त्या वेगाला चिकटा जाळीतून सुटत नाही. पंप बदलायला मंजुरी मिळेपर्यंत तीन व्हेसल बंद करून एकेक धुवा. वेळ चौपट जाईल, पण धुतलं जाईल. व्हेसलला वेगळे व्हॉल्व्ह नसतील तर ब्लाइंड (वाट बंद करणारी चकती) घालायची सोय वर्कशॉपकडून करून घ्या.

ऑनलाइन जिवाणूनाशक चालतं का? तुमचं पाणी बॉयलरला जातं, पिण्याला नाही, म्हणून डीबीएनपीए हे जिवाणूनाशक वापरता येतं. साधारण पाच दिवसांनी एकदा, सक्रिय घटक १० ते ३० पीपीएम, अर्धा ते तीन तास. पण एसएमबीएस त्याला मारून टाकतो. तेव्हा तेवढा वेळ हायपो थांबवा, पाण्यात क्लोरीन नाही याची खात्री करा आणि मगच एसएमबीएस बंद करा. ओआरपी मीटर याला क्लोरीन समजून प्लँट ट्रिप करतो, हेही पाळीवरच्या माणसाला सांगून ठेवा, नाहीतर तो वायर काढून ठेवतो आणि पुन्हा लावायची राहते. औषध कातडी भाजतं, हातमोजे-चष्मा हवाच. आणि ते मेंब्रेन स्वच्छ असताना सुरू करा. जाड थरावर दिलं तर वरचे मरतात, खालचे त्यांच्या आडोशाला राहतात. आरओचं पाणी कॉलनीला पिण्यासाठी जात असेल तर हा परिच्छेद विसरा.

तुम्ही विचारलं नाही तरी बंद काळाबद्दल सांगतो, कारण साखर कारखान्यांत निम्मं नुकसान तिथे होतं. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की सगळे दमलेले असतात, आरओचं बटण बंद होतं आणि डोहाचं पाणी आत तसंच राहतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ते शिजतं, आणि बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या आठवड्यात कुणाला तरी आठवण होते. शेवटच्या दिवशी कॉस्टिक-अ‍ॅसिडची पूर्ण धुलाई करा, मग परमिएटमध्ये १ ते १.५ टक्का एसएमबीएस भरून, हवा काढून, व्हॉल्व्ह बंद करा. महिन्याला पीएच बघा, ३ च्या खाली गेला की द्रावण बदला. शेडवर सावलीची सोय करा. हंगामातही ऊस तोड थांबली, दराच्या आंदोलनात वाहतूक अडली, नो केन झालं की प्लँट दोन-दोन दिवस उभा राहतो. बंद करताना परमिएटने फ्लश करा, रोज एकदा पुन्हा करा आणि ४८ तासांपेक्षा जास्त जाणार असं दिसलं तर एसएमबीएस भरा. ऑटो-फ्लशचा एक व्हॉल्व्ह आणि टाइमर एवढ्यानेच हे होतं.

आता मेंब्रेन बदलायच्या का. वरच्या पद्धतीने एकदा नीट धुवा. डीपी १.५ च्या आत आली आणि टीडीएस जागेवर राहिला तर सगळ्या ठेवा. डीपी उतरली नाही तर पहिल्या स्टेजच्या प्रत्येक व्हेसलची फक्त पहिली मेंब्रेन बदला, फार तर दुसरीही. छत्तीसच्या छत्तीस बदलायचं कोटेशन कुणी दिलं तर त्याला आधी दुसऱ्या स्टेजची डीपी दाखवा. नव्या मेंब्रेन घेताना ३४ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) स्पेसरच्या मागा. २८ मिलच्या जाळीपेक्षा त्यात चिकटा उशिरा अडतो आणि धुतानाही लवकर सुटतो. टीडीएस वाढलेला असेल तर मात्र एक मेंब्रेन कापून फुजिवारा चाचणी करून घ्या, क्लोरीनने जळली आहे का ते त्यात कळतं, आणि ती जळली असेल तर दुखणं वेगळं आहे.

नवी मेंब्रेन जुन्या घाणीत घालू नका. व्हेसल रिकाम्या असताना कार्ट्रिज हाउसिंगपासून शेवटपर्यंत सगळ्या पाइपातून हायपो फिरवा, व्हेसलच्या आतल्या भिंती लांब दांड्याच्या ब्रशने घासा, परमिएटने धुवा आणि रिजेक्टच्या नळाला क्लोरीन शून्य आल्याशिवाय पहिली मेंब्रेन आत सरकवू नका.